काजळी, ओरखडे आणि खरेपणा



मुलांच्या छंदांविषयी या सदरातून आम्ही वेळोवेळी लिहितो. या वेळी विषय आहे युद्धकालीन विमानांच्या छोट्या प्रतिकृतींचा. त्याला निमित्त घडले ते आपल्यातीलच एका कुटुंबातील वादाचे. त्या घरचा एक तरुण जर्मनीत इंगोलश्टाट येथे मोटारींच्या कारखान्यात नोकरीस आहे. त्याने आपल्या भाच्यासाठी मेसरश्मिट १०९ या विमानाच्या जुळणीचा संच धाडला. मुलगा हरखला, पण आजी म्हणाली, "हिटलरचं विमान माझ्या कपाटावर नको." मामाचे म्हणणे, खेळण्याला कसला आला धर्म! निवाडा आमच्याकडे आला. तो सर्वांस उपयोगी पडावा म्हणून येथे देत आहोत.

प्रथम त्या गावाविषयी. डॅन्यूब नदीकाठच्या इंगोलश्टाटपासून थोड्याच अंतरावर मांचिंग येथे मोठा विमानतळ आहे. तेथील मेसरश्मिट संग्रहालयाने या जातीची विमाने उडत्या स्थितीत जपली. मात्र तेथील जेट विमान मेसरश्मिट २६२ हे मूळ नव्हे. ते अलीकडच्या काळात अमेरिकेत नव्याने बांधून, आधुनिक इंजिने बसवून आणलेले आहे. संग्रहालयातील विमान आरशासारखे लखलखीत असते. युद्धातील विमान तसे कधीच नव्हते. म्हणूनच प्रतिकृती करणारे लोक ती जुळवून रंगविल्यावर मुद्दाम मळवतात. या कामात खरी विद्या आहे, असे आमचे मत आहे.

आपल्या घरचा पाटा आठवा. तो मध्यभागी झिजतो, कडांना नाही. कारण वरवंटा मध्येच फिरतो. प्रत्येक झिजेला कारण असते. विमानाचेही तसेच. मेसरश्मिट १०९ चे झाकण उजवीकडे उलटते, म्हणून वैमानिक डाव्या पंखावरून चढे. तेव्हा रंगाचे टवके डाव्या पंखाच्या मुळाशी अधिक हवेत. त्याचे इंजिन उलटे बसविलेले असल्याने धुराच्या नळ्या नाकाच्या बाजूंना खालच्या अंगास येतात. त्यामुळे काजळीचा पट्टा तेथून मागे, पंखाच्या मुळावरून जातो. तेलाचे ओघळ पोटाखाली, वाऱ्याच्या दिशेने मागे. आणि पंखांवर तांबूस गंज मुळीच नको, कारण पत्रा ॲल्युमिनियमचा. तो गंजत नाही.

कृती अवघड नाही. रंग वाळल्यावर चकचकीत वॉर्निशचा एक हात द्यावा. तपकिरी-काळा तैलरंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून सांध्यांच्या रेघांत सोडावा व उरलेला कापडाने पुसून घ्यावा. काजळीसाठी रंगीत खडूची पूड कोरड्या कुंचल्याने लावावी. टवक्यांसाठी चंदेरी पेन्सिलीचे टोक पुरे. येथे गणित विसरू नये. १:४८ या प्रमाणात सुमारे ९ मीटरांचे विमान १९ सेंटिमीटरांत मावते. खऱ्या विमानावरील ५ मिलिमीटरांचा टवका प्रतिकृतीत मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढाच दिसेल. मुले मात्र भाताच्या शितांएवढे टवके काढतात! शिवाय कित्येक लढाऊ विमाने काही आठवड्यांतच नष्ट होत. इतक्या थोड्या दिवसांत फार जुनेपणा येत नाही.

आता आजींचा आक्षेप. तो आम्ही हलका मानत नाही. या जातीची ३३ हजारांहून अधिक विमाने बांधली गेली. १९४३ पासून फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीतील कैद्यांकडून त्यांचे भाग करवून घेतले गेले. २६२ या जेटसाठी प्रचंड भूमिगत कारखाने उभारण्याकरिता १९४४-४५ मध्ये काउफरिंगच्या छावण्यांत हजारो यहुदी कैद्यांना राबविले. त्यांतील कित्येक भूक, रोग आणि श्रम यांनी मेले. काजळी नळीची साक्ष देते, ओरखडा बुटाची. परंतु पत्रा ठोकणाऱ्या उपाशी हातांची खूण कोणत्याही रंगाने उमटवता येत नाही. ती शब्दांनीच सांगावी लागते.

या गोष्टीला दुसरीही बाजू आहे. युद्धानंतर चेकोस्लोव्हाकियात याच सांगाड्यावर बाँबफेकी विमानाचे युमो इंजिन बसवून एस-१९९ हे विमान केले गेले. ते उड्डाणाच्या वेळी एका बाजूस ओढे. चेक वैमानिक त्याला खेचर म्हणत. १९४८ साली नवजात इस्राएलने अशी २५ विमाने विकत घेतली. २९ मे १९४८ रोजी त्यांपैकी पहिल्या चार विमानांनी अशदोदजवळ इजिप्तच्या सैन्यावर हल्ला चढविला. त्यात एडी कोहेन हा वैमानिक कामी आला. जेथे ते सैन्य थांबले, तो अद हालोम पूल आपल्या अशदोदच्या वाचकांच्या नित्य पाहण्यातला आहे. पाच दिवसांनी, ३ जून रोजी, मोदी अलोन याने तेल अवीववर आलेली इजिप्तची दोन विमाने पाडली. एक एस-१९९ बीरशेबाजवळ हात्झेरीमच्या वायुदल संग्रहालयात ठेवलेले आहे.

तेव्हा आमचा निवाडा असा. मुलाने विमान अवश्य करावे, पण सबंध करावे. शेपटीवरील स्वस्तिकचिन्ह लावण्याचा हट्ट नको; जर्मनीतही शिक्षण, संशोधन, कला असे अपवाद वगळता त्याच्या जाहीर प्रदर्शनास कायद्याने बंदी आहे. त्याच्या शेजारी एस-१९९ ठेवावे, त्यावर किनाऱ्याकडील धुळीचा फिकट थर द्यावा. आणि दोहोंपुढे एक पुठ्ठ्याची पाटी ठेवावी. तीवर मुलाने स्वतःच्या हस्ताक्षरात लिहावे : हे कोणी बांधले, कोणी उडविले, कोण मेले. मजकूर मराठीतच असावा, म्हणजे तो आजींना वाचून दाखविता येईल. पाटी वाचून झाल्यावर विमाने कपाटावर ठेवायची की नाही, हे आजींनीच ठरवावे. घर त्यांचे आहे. त्या नाही म्हणाल्या, तर मुलाने ती आपल्या शाळेत न्यावीत, पाटीसह.