गुप्ततेची ग्वाही आणि टपालाची किल्ली

बँक असो, विमा कंपनी असो वा प्रवेश-अर्ज स्वीकारणारी शिक्षणसंस्था असो, प्रत्येकीच्या दारावर आज एक पाटी हमखास आढळते : 'आपली गोपनीयता आम्हांला मोलाची वाटते.' ही पाटी लावण्यास काही खर्च येत नाही. आणि ज्या वचनाला खर्च नाही त्याचे मोल किती, हा प्रश्न अर्थशास्त्राला नवा नाही. ग्राहकाची पसंती त्याच्या बोलण्यावरून नव्हे, तर प्रत्यक्ष निवडीवरून ओळखावी, असे पॉल सॅम्युएल्सन यांनी १९३८ मध्येच प्रतिपादन केले होते. हीच कसोटी कंपन्यांना लावावयाची, तर त्यांचे गोपनीयतेचे धोरण वाचण्याआधी त्यांचे ई-मेल कोण सांभाळतो, हे पाहिले पाहिजे.

ते पाहणे अवघड नाही. एखाद्या संस्थेच्या नावे आलेला ई-मेल कोणाच्या संगणकाकडे पोचवावयाचा, याची नोंद इंटरनेटवर सर्वांना खुली असते. ती तपासल्यास पुष्कळदा असे दिसते की, पत्त्यावर नाव कंपनीचे असले तरी पेटी गूगलच्या किंवा मायक्रोसॉफ्टच्या घरी आहे. पगाराचा दाखला, पॅन कार्डाची प्रत, वैद्यकीय अहवाल ग्राहक विश्वासाने कंपनीकडे पाठवितो. ते जाऊन पडतात तिसऱ्याच्याच कपाटात. वाटेत हे टपाल बहुधा कुलूपबंद असते. परंतु मुक्कामी पोचल्यावर त्याची किल्ली सामान्यतः कपाटाच्या मालकाकडे असते. या मालकाशी ग्राहकाचा कोणताही करार झालेला नसतो.

येथे दुसरी बाजूही मांडली पाहिजे. स्वतःची ई-मेल यंत्रणा चालविणे लहान संस्थेला परवडत नाही. आणि अर्धवट ज्ञानावर चालविलेली यंत्रणा चोरांना अधिक सोपी. शिवाय विनामूल्य खात्यांतील ई-मेल जाहिरातींसाठी चाळण्याची पद्धत बंद करीत असल्याचे गूगलने २०१७ मध्ये जाहीर केले. कंपन्यांच्या सशुल्क खात्यांना तर ती लागूच नव्हती. तेव्हा कोणी बसून पत्रे वाचतो, हा आक्षेप नव्हे. आक्षेप असा की, चोरापासून संरक्षण आणि रखवालदारापासून गुप्तता या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि पाटीवर त्या एकच म्हणून खपविल्या जातात.

अमेरिकेच्या २०१८ च्या 'क्लाउड' कायद्यानुसार, तेथील कंपनीच्या ताब्यातील माहिती कोणत्याही देशात साठविलेली असली, तरी वैध आदेश आल्यास ती द्यावी लागते. फ्रान्समधील माहिती अमेरिकी शासनाच्या हाती कधीच जाणार नाही अशी हमी देता येत नाही, असे मायक्रोसॉफ्टच्याच प्रतिनिधीने जून २०२५ मध्ये फ्रेंच सिनेटपुढे शपथेवर सांगितले. रखवालदारही चुकतो. २०२३ मध्ये चीनशी संबंधित हॅकरांनी याच कंपनीच्या ई-मेल सेवेत शिरून अमेरिकी परराष्ट्र खात्याची सुमारे ६०,००० पत्रे पळविली; ही घटना टाळता आली असती, असा निर्वाळा तेथील सरकारी मंडळाने २०२४ मध्ये दिला.

गुप्ततेचे कडक कायदे जगाला शिकविणाऱ्या युरोपीय आयोगाचीही या बाबतीत नाचक्की झाली. आयोगाने मायक्रोसॉफ्टची कार्यालयीन सेवा घेताना कोणती माहिती कोणत्या हेतूने गोळा होणार हे नीट ठरविलेच नाही, असा ठपका युरोपच्या माहिती-संरक्षण पर्यवेक्षकाने मार्च २०२४ मध्ये ठेवला. पुढे करारात सुधारणा झाल्या आणि जुलै २०२५ मध्ये पर्यवेक्षकाने समाधान व्यक्त केले. म्हणजेच, मोठ्या पुरवठादाराला अटी घालता येतात. मात्र कोणीतरी मागे लागावे लागते.

भारतात ही जबाबदारी २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यावर आली आहे. काम दुसऱ्याकडे सोपविले तरी उत्तरदायित्व मूळ संस्थेचेच राहते, असे हा कायदा म्हणतो. आणि संमतीने दिलेली आपली माहिती कोणाकोणाला पुरविली गेली, त्यांची नावे मागण्याचा अधिकारही तो देतो. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य तरतुदींना १८ महिन्यांची मुदत दिली गेली. तथापि, मागितल्यावर नाव सांगणे आणि आपण होऊन सांगणे यांत अंतर आहे. कंपनीचा खर्च वाचतो आणि जोखीम ग्राहकाच्या माथी येते, तेव्हा बाजार स्वतःहून सुधारत नाही.

म्हणून किमान अपेक्षा एवढीच : टपाल कोणाकडे असते, कोणत्या देशाचा कायदा त्याला लागू होतो आणि ते किती काळ ठेवले जाते, या तीन गोष्टी गोपनीयतेच्या पाटीवरच लिहाव्यात, आणि नाजूक कागद ई-मेलने मागविणे थांबवावे. विम्याचा अर्ज भरणाऱ्या कारकुनाला वा शुल्कमाफीसाठी उत्पन्नाचा दाखला पाठविणाऱ्या विद्यार्थ्याला पुरवठादार निवडण्याची मुभा नाही. ज्यांना ती आहे, त्यांनी निदान आपली निवड लपवू नये.