अर्धें वचन

नव्या करारांतील इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या पांचव्या अध्यायांत पत्नीनें पतीच्या अधीन असावें, असें बाविसावें वचन आहे. ज्या घरीं नवरा हात उगारतो, त्या घरची स्त्री धर्मगुरूकडे गेली असतां हेंच वचन ऐकवून तिला परत पाठविल्याचीं उदाहरणें ख्रिस्ती देशांत थोडीं नाहींत. तेव्हां या वचनाचा अर्थ हा केवळ पंडितांच्या वादाचा विषय नसून तिच्या जिवाचा प्रश्न आहे.

खतावणीची एकच बाजू पाहून कोणीही व्यापारी हिशेब पुरा झाला म्हणत नाहीं. येथें मात्र तसेंच होतें. मागील एकविसाव्या वचनांत सर्वांनीं परस्परांच्या अधीन व्हावें असें सांगितलें आहे. आणि अत्यंत जुन्या कांहीं ग्रीक हस्तलिखितांत बाविसाव्या वचनाला स्वतःचें क्रियापदच नाहीं, तें मागील वचनांतूनच घ्यावें लागतें. पुढें पंचविसाव्या वचनांत पतीला जी आज्ञा आहे ती हुकमतीची नव्हे, तर ख्रिस्तानें मंडळीसाठीं प्राण दिला तशा प्रीतीची आहे.

कोणी म्हणेल, स्त्रियांनीं सभेंत गप्प राहावें असेंही त्याच करारांत आहे. आहे खरें, तें लपवूं नये. परंतु करिंथकरांस लिहिलेल्या ज्या पहिल्या पत्रांत तें आहे, त्याच्याच अकराव्या अध्यायांत स्त्रिया सभेंत प्रार्थना करितात व संदेश देतात, हें गृहीत धरिलें आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्रांत युनियेचा उल्लेख आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस ख्रिसोस्तोम यांनीं तिला स्त्री व प्रेषित म्हणूनच गौरविलें. तरी विसाव्या शतकांत प्रमाण ग्रीक आवृत्तींत तिच्या नांवाला पुरुषी रूप देण्यांत आलें, व तें १९९८ सालीं दुरुस्त झालें. वाचणाराचा ग्रह ग्रंथांत कसा शिरतो, याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

मग वचनांचा मेळ बसेना तेथें कसोटी कोणती? ती येशूनेंच दिली आहे: सर्व नियमशास्त्र देवावरील व शेजाऱ्यावरील प्रीतीवर टांगलेलें आहे. जिच्याशीं संसार केला ती पत्नी शेजाऱ्याहून परकी कशी?

पंडिता रमाबाईंनीं दुसऱ्याच्या अर्थावर विसंबून न राहतां हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून बायबलाचें मराठी भाषांतर केलें. तें त्यांच्या निधनानंतर १९२४ सालीं प्रसिद्ध झालें. एवढी विद्या प्रत्येकास साधणार नाहीं. पण आधींचें व पुढचें वचन वाचणें सर्वांस साधेल. पत्नीच्या वांट्याचें वचन तिला ऐकविणाऱ्यानें प्रथम आपल्या वांट्याचें पाळून दाखवावें; तोंपर्यंत त्याच्या हातीं धर्म नाहीं, केवळ काठी आहे.