शून्याचा अर्थ

मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते. २००६ साली आलेल्या विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ते आरंभीच येते. 'इन्व्होक-सिममेथड' या आज्ञेतील 'इन्व्होक' म्हणजे आवाहन करणे. तिला 'विन३२_प्रोसेस' हा वर्ग आणि 'क्रिएट' ही पद्धत सांगितली, की यंत्रणा नवा प्रोग्राम सुरू करते. प्रोग्रामचा पत्ताच चुकला असेल तर? पडद्यावर लाल अक्षरे उमटत नाहीत. 'रिटर्नव्हॅल्यू'समोर मुकाट्याने ९ हा आकडा येतो. शून्य आले असते, तर काम झाले असते. आज्ञा पोचली, ऐकली गेली, उत्तरही आले. काम मात्र झाले नाही.

येथे दोष यंत्रणेचा नाही, असे आम्हांस वाटते. तिने खरे तेच सांगितले. तक्रार नाही म्हणजे होकार, असे आपण गृहीत धरले. शून्य म्हणजे यश, हा संकेत ठाऊक असल्यावाचून हे उत्तर वाचताच येत नाही. आणि संकेत ओळखून वाचणे हेच तर आपल्या अभ्यासाचे काम. आज्ञा पाठ करवून घेणारे पुष्कळ आहेत. उत्तर वाचायला शिकवण्याची जबाबदारी भाषेच्या वर्गाने परकी मानू नये.