डबीतली वही

'माझ्या डबीपाशी किती जण येऊन गेले?' जिओकॅशिंगमध्ये डबी लपवणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न छळतो. ३ मे २००० रोजी अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये डेव्ह अल्मरने पहिली बादली लपवली. आत वस्तू आणि एक वही. जीपीएसवर शोधा, काही घ्या, काही ठेवा, वहीत लिहा, खेळ एवढाच!

आज संकेतस्थळ 'सापडली' अशा नोंदींचा आकडा देतं. मला तो अपुराच वाटतो. कुणी वहीत सही करून गप्प राहतो, कुणी घरबसल्या 'सापडली' म्हणतो. आणि शोधून शोधून रिकाम्या हाताने परतला तो? तोही आलाच होता ना! त्याने लाजेपोटी नोंद टाळली, तर डबी नाहीशी झाल्याचं मालकाला कळणार कसं?

म्हणून मालकाने अधूनमधून स्वतः जावं, भिजलेली वही बदलावी, सह्या ताडून पाहाव्यात. खोट्या नोंदी खुशाल पुसाव्यात, आकडा घटला तरी.