सोलापूरचीं माळरानें राखावीं कोणीं?

आपल्या जिल्ह्यांत वनाचा विषय काढला म्हणजे ऐकणारास हसूं येतें. येथें सागाची झाडी नाहीं, सह्याद्रीचें रान नाहीं. वर्षाकांठीं पांच-साडेपांचशें मिलिमीटर पाऊस, तोहि बेभरंवशाचा, व त्यावर तग धरणारें मुरमाड माळरान, एवढेंच आपलें वन. सरकारी दप्तर या माळास वन म्हणतें व त्यावर झाडें लावूं पाहतें. गांव त्यास पडीक म्हणतें व वाटेल तेव्हां गुरें सोडतें. गवताचा विचार दोघांपैकीं कोणीच करीत नाहीं, आणि माळाची खरी दौलत तर गवत हीच आहे.

पवन्या, शेडा, मारवेल, डोंगरी हीं गवतें ज्या माळावर टिकलीं आहेत तेथील चारा ज्यानें एकदां कापला, त्यास त्याचें मोल सांगावयास नको. परंतु चारा हा माळाचा एकच लाभ होय. गवताच्या मुळ्या मुरूम धरून ठेवतात, पावसाचें पाणी ओढ्याकडे धांवण्याऐवजीं जमिनींत जिरतें आणि खालच्या अंगाच्या विहिरींस तें पुढें उपयोगीं पडतें. माळ उघडा पडला कीं तेंच पाणी माती घेऊन तलावांत उतरतें. माळावरील पक्षी नाकतोडे व भुंगेरे वेंचून खातात. धनगराचीं मेंढरें माळावर पोसतात आणि सुगीनंतर आपल्या शेतांत बसतात. त्या खताबद्दल आपण धान्य किंवा पैसा देतों, मात्र तें खत ज्या गवतापासून झालें तें राखणारास कोणीच कांहीं देत नाहीं. काळविटें पिकांत शिरतात व लांडगा कोंकरूं नेतो, हें नाकारण्याचें कारण नाहीं. माळाचा लाभ सांगणारानें हा तोटाहि सांगितला पाहिजे.

व्यवस्था कशी नसावी याचें उदाहरण आपल्या घरचेंच आहे. नान्नज येथें १९७० नंतरच्या दशकांत अवर्षणप्रवण क्षेत्राच्या कार्यक्रमांतून कांहीं माळ चराईस बंद झाले, गवत उठलें आणि माळढोक पक्ष्यास तेथें आसरा मिळाला. पुढें १९७९ सालीं अभयारण्य जाहीर झालें तें सुमारें ८,४९६ चौरस किलोमीटरांचें! सबंध सोलापूर जिल्ह्याचें क्षेत्र १४,९०० चौरस किलोमीटरांच्या आंतबाहेर आहे, हें लक्षांत घेतलें म्हणजे उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा या तालुक्यांतील व शेजारच्या अहमदनगर (आतांच्या अहिल्यानगर) जिल्ह्यांतील किती खासगी शेतें व किती गांवें त्या रेघेच्या आंत सांपडलीं याची कल्पना येईल. जमिनीचे व्यवहार व बांधकामें यांवर निर्बंध आले, आणि ज्या पक्ष्यानें शेतकऱ्याचें कांहींच बिघडविलें नव्हतें तो त्यास जप्तीच्या कारकुनासारखा वाटूं लागला. सुमारें तीन दशकांनंतर ही हद्द १,२२२ चौरस किलोमीटरांच्या घरांत आणली गेली. तोंवर ज्वारी-भुईमुगाच्या पुष्कळ शेतांत ऊस व द्राक्षें आलीं होतीं. आज नान्नजला एखादा माळढोक दिसला तर तीच बातमी होते.

दुसरी चूक झाडांची. याच भागांतील माळांवर पूर्वीं गिरिपुष्पाची लागवड झाली, व माळढोकास मोकळें रान हवें म्हणून पुढें ती काढण्याची वेळ आली. गिरिपुष्प बांधावर अवश्य लावावें, हिरवळीच्या खतास तें उत्तम. परंतु माळावर त्याचें काय काम? तरीहि राज्यानें २०१९ सालीं ३३ कोटी वृक्षलागवडीचा संकल्प सोडला, आणि केंद्राच्या ग्रीन क्रेडिट योजनेच्या २०२४ मधील पद्धतींत हेक्टरी किमान १,१०० झाडांची अट होती. झाडें मोजतां येतात, गवताच्या काड्या मोजतां येत नाहींत, म्हणून हिशेब झाडांचाच होतो.

मग माळ राखावा कोणीं? आमच्या मतें ज्या गांवाचीं गुरें व विहिरी त्यावर अवलंबून आहेत त्या गांवानें, आणि तेंहि लेखी कराराने. हा विचार नवा नाहीं. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २८ अन्वयें राखीव वन ग्रामवन म्हणून गांवाकडे सोंपवितां येतें. या कलमाचा उपयोग मात्र फारच थोडा झाला. १९९० सालीं केंद्रानें व १९९२ सालीं महाराष्ट्रानें संयुक्त वनव्यवस्थापन सुरू केलें. त्यांत समित्या झाल्या, परंतु निर्णयाच्या किल्ल्या बहुधा खात्याकडेच राहिल्या. खरा पालट केला तो २००६ च्या वनहक्क कायद्यानें. त्या आधारें गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा-लेखा गांवास २००९ सालीं सुमारें १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला, व २०११ सालीं बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारहि ग्रामसभेकडे आला. सोलापुरास हा मार्ग अवघड आहे, कारण बिगर-आदिवासी रहिवाशांस तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा, पुरावा द्यावा लागतो. आपल्यास जवळचा धडा हिवरे बाजारचा. तेंहि अवर्षणाचेंच गांव. तेथें चराईबंदी व कुऱ्हाडबंदी गांवानें स्वतः लादून घेतली. गवत विळ्यानें कापून न्यावयाचें व त्याचें शुल्क भरावयाचें, असा नियम ठरला.

आपल्या गांवांनीं करार करावा तो असा. आषाढापासून बीं झडेपर्यंत निम्मा माळ बंद, दुसऱ्या वर्षीं उरलेला निम्मा. बीं झडल्यावर प्रथम भूमिहीनांस डोक्यावरचा भारा, मग धनगरांस ठरल्या दिवसांची चराई, व उरलेल्या गवताचाच लिलांव. हा क्रम उलटा झाला तर गांवांतील दोन-चार बड्या असामी माळ घशांत घालतील. समितींत धनगर नसेल तर करार पहिल्याच पावसाळ्यांत मोडेल. राखणदाराचा पगार कोठून द्यावा, असें विचारतील. वनेतर कामास दिलेल्या वनजमिनीबद्दल जो पैसा जमा होतो त्याच्या विनियोगासाठीं २०१६ चा कायदा आहे. त्यांतून रोपांच्या खड्ड्यांस पैसा मिळतो, तर राखलेल्या गवतासहि हेक्टरी दरानें मिळावा, अशी मागणी आपल्या मंडळानें शासनाकडे केली पाहिजे. अभयारण्याच्या हद्दींतील माळाचे नियम निराळे आहेत. तेथें वनखात्याच्या संमतीवांचून कांहीं करतां येणार नाहीं, पण बोलणें तर सुरू करतां येईल.

पावसाळ्याच्या तोंडावर आपल्या माळावर खड्डे खणण्याचा बेत आहे कीं नाहीं, हें ग्रामसभांनीं १ मेच्या बैठकींतच विचारावें, लागवडीचा नकाशा मागवावा, व गवताचे तुकडे त्यांतून वगळण्याचा ठराव लेखी करून वनक्षेत्रपालाकडे पोंचता करून पोंच घ्यावी.