बंदुकीची नळी म्हणजे गॅलरीचं ग्रिल नव्हे

पावसाळा सरला की पीक-संरक्षणाच्या परवान्यावरची जुनी बंदूक कपाटातून बाहेर निघते. नळीवर तांबूस गंज दिसतो आणि सल्ला देणारे लगेच हजर. "पॉलिश पेपर मार, नाहीतर वालीवला गाळ्यात देऊन काळी करून आण. नवीकोरी दिसेल!" हा सल्ला चुकीचा आहे आणि शेतकऱ्याला अडचणीत आणणारा आहे, म्हणून स्पष्टच लिहितो.

आधी पॉलिश पेपरचं बघू. नळीवरचा जुना काळा-तपकिरी थर हासुद्धा लोखंडाचा ऑक्साइडच, पण तो पोलादाला घट्ट धरून बसलेला असतो आणि तेल धरून ठेवतो. तो घासून काढला की उघडं पोलाद वसईच्या खाऱ्या, दमट हवेत परत गंजायला मोकळं. शिवाय जोरात घासलं तर नळीवरचा नंबर झिजतो. शस्त्र अधिनियम 1959 चं कलम 8 वाचा. नंबर खोडणं तर गुन्हा आहेच, पण नंबर गेलेली बंदूक ज्याच्याकडे सापडेल त्यानंच तो खोडला, असं कायदा धरून चालतो. तसं नाही हे सिद्ध करायचं तुम्ही. नूतनीकरणाच्या वेळी नंबर जुळला नाही तर काय सांगणार, "साहेब, चमकवत होतो"?

आता गाळ्यांचं. वालीवला ब्लॅकोडायझिंग करणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. त्यांचं काम बोल्ट, डाय आणि मशीनच्या पार्टचं. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या साधारण 140 अंशांच्या उकळत्या पाण्यात माल बुडवतात. बोल्टला ते मानवतं, जुन्या दुनळीला नाही. तिच्या दोन नळ्या आणि मधली पट्टी बहुतेक वेळा शिसं-कथलाच्या सोल्डरनं जोडलेली असते. गरम सोडा ते सोल्डर खातो, पट्टीखाली शिरून बसतो आणि पुढं पांढरा फुटून बाहेर येतो. मग पट्टी सुटते. वरून काळीभोर, आतून खिळखिळी! आणि विनापरवाना माणसाच्या ताब्यात बंदूक सोडून येणं हा वेगळाच गुन्हा. हेच काम घरी पातेल्यात करू बघणाऱ्यानं आधी डोळ्यांचा विचार करावा.

कुणी म्हणेल, परवानाधारक दुरुस्तीवाला गावात कुठे बसलाय? खरंय. पण वरवरच्या गंजाला तो लागतच नाही. बंदूक रिकामी आहे याची दोनदा खात्री करा. ठासणीची असेल तर गज घालून खोली मोजा, आत जुना बार राहिलेला असू शकतो. मग नळीला मशीनचं पातळ तेल लावून रात्रभर ठेवा, सकाळी जाड सुती कापडानं चोळा. दोन-चार वेळा करा. शेवटी तेलाचा हलका हात द्या. कापडी किंवा चामडी गवसणीत कोंडून ठेवू नका, ती ओल धरते. नळीच्या आत खड्डे दिसले तर बार काढू नका. तिथे मात्र परवानाधारक कारागीरच हवा.

आणि सगळा दोष शेतकऱ्याच्या माथी नको. 2024 मध्ये पालघर जिल्ह्यात 20 मे आणि 20 नोव्हेंबर, असं दोनदा मतदान झालं. निवडणूक आली की बंदुका जमा करण्याचे आदेश निघतात. दुसऱ्या वेळी तर भातकापणीचे दिवस होते. प्रत्येक परवानाधारकाचा वेगळा विचार व्हावा अशी अपेक्षा असताना सरसकट सगळ्यांना एकाच दावणीला का बांधायचं? जमा करावीच लागली तर तेल लावूनच द्या. पावतीवर नंबर आणि नळीची अवस्था लिहून घ्या, परत घेताना तिथेच तपासा. जमा असताना गंज चढला तर त्याची जबाबदारी कुणाची, हे ग्रामसभेत विचारा.

बंदूक जुनी दिसली म्हणून रानडुक्कर काही हसत नाही. नंबर वाचता आला पाहिजे, नळी धड पाहिजे. बाकी चकाकी लग्नातल्या भांड्यांना राहू द्या.