जगाचा झाडा आणि आपला बांध

सन २०१५ च्या सप्टेंबरांत संयुक्त राष्ट्रांच्या सभासद-राष्ट्रांनीं १७ ध्येयें व १६९ लक्ष्यें ठरविलीं. दारिद्र्य व भूक नाहींशी व्हावी, जमीन व पाणी पुढील पिढीस शाबूत मिळावें, आणि हें २०३० पावेतों साधावें, असा तो संकल्प होय. त्याचा झाडा दरवर्षीं घेतला जातो. २०२५ च्या अहवालाप्रमाणें, अजमावतां आलेल्या लक्ष्यांपैकीं शेंकडा ३५ योग्य वा मध्यम गतीनें चाललीं आहेत, सुमारें निम्मीं फार मंद आहेत, व शेंकडा १८ तर २०१५ च्याही मागें गेलीं आहेत.

या हिशेबाशीं शेतकऱ्याचा काय संबंध, असें कोणी विचारील. आमच्या मतें त्याचें मूळच बांधावर आहे. एकंदर कृषिक्षेत्रापैकीं किती क्षेत्रावर टिकाऊ शेती होते, हें प्रत्येक राष्ट्रानें सांगावयाचें असतें. त्यासाठीं ११ बाबी पाहाव्या लागतात: हेक्टरीं उत्पन्न, निव्वळ नफा, जमिनीची धूप, पाणी, खतें व औषधें यांचा अतिरेक, मजुरी, जमिनीवरील हक्क इत्यादि. मजुरी व नफा उपग्रहास दिसत नाहींत. ते शेतकऱ्यासच विचारावे लागतात. म्हणूनच फार थोड्या राष्ट्रांस हा हिशेब पुरा करतां आला.

आम्हीं महसूल खात्यांत कारकुनी केली आहे. एका सालीं एका गावाचा पीकगोषवारा आम्हीं न तपासतां वर धाडला. मागाहून कळलें कीं, तो गेल्या सालावरून उतरून घेतला होता. शिवारांत कापूस, कागदावर ज्वारी! अतिवृष्टीनें कापूस गेला, तेव्हां खातेदारांस दाद मागतां येईना. कागद खोटा ठरला नाहीं, शेतकरी ठरला. तो दोष आमचाही होता.

२०२१ पासून महाराष्ट्रांत ई-पीक पाहणीनें ही नोंद खातेदाराच्या हातीं आली आहे. तरी पुष्कळजण ती शेजाऱ्याकडून करवितात, किंवा खरें सांगितल्यास कांहीं देणें अंगावर येईल म्हणून टाळतात. ही भीति जुनी आहे. परंतु खोट्या नोंदीचा तोटा आम्हीं डोळ्यांनीं पाहिला आहे.

निती आयोगाच्या निर्देशांकांत भारताचे गुण २०१८ मध्यें ५७ होते, ते २०२३-२४ मध्यें ७१ झाले. आनंद आहे. परंतु बेरीज कितीही मोठी असो, ती खालच्या रकान्यांहून खरी असूं शकत नाहीं. यास्तव आमची विनंती इतकीच कीं, प्रत्येकानें स्वतः शेतांत उभें राहून पिकाची नोंद करावी, माती-परीक्षणाची पत्रिका जपून ठेवावी, आणि विहिरीच्या पाण्याची पातळी दर उन्हाळ्यांत वहींत टिपावी. जगाचा हिशेब लागो वा न लागो, आपली जमीन चढते आहे कीं उतरते आहे, हें तरी आपणांस कळेल.